नाशिकहून जर्मनीला नोकरीसाठी निघताना: आधी काय, नंतर काय

सातपूर-अंबडच्या कारखान्यांत चार वर्षं काढलेले इंजिनिअर, नाशिकच्या कॉलेजांतून बाहेर पडलेल्या नर्स, संगणकवाले, असे सगळेच हल्ली जर्मनीची चौकशी करतात. २०२४ साली महाराष्ट्र सरकारने जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हापासून ही चौकशी आणखी वाढली. मी त्याच राज्यात राहतो. नवीन येणाऱ्यांना पहिल्या काही महिन्यांत मदत करताना एक गोष्ट वारंवार दिसते. लोकांकडे कागद कमी नसतात, चुकतो तो क्रम. जर्मनीत प्रत्येक काम आधीच्या कामावर अडलेलं असतं. पत्त्याची नोंदणी नाही तर कर क्रमांक नाही, कर क्रमांक नाही तर पगारातून जबर कर कापला जातो, आणि हे सगळं निस्तरेपर्यंत महिने जातात. म्हणून खालची कामं ज्या क्रमाने करायची त्याच क्रमाने लिहिली आहेत.

हा लेख मुख्यतः ऑफर लेटर हातात असलेल्यांसाठी आहे. शिकायला जाणाऱ्यांचा मार्ग वेगळा. त्यांना एपीएस प्रमाणपत्र (शिक्षणाचे कागद खरे असल्याची पडताळणी) लागतं आणि वर्षभराच्या खर्चाचे पैसे ब्लॉक्ड खात्यात, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कमच काढता येणाऱ्या खात्यात, ठेवावे लागतात. नर्सिंगला पदवीची स्वतंत्र मान्यता आणि जर्मन भाषेची वरची पातळी लागते. बाकी मुक्काम, विमा, घर हे सगळ्यांना सारखंच.

ऑफर आल्यावर पहिल्या आठवड्यात

आधी 'आनाबिन' या जर्मन सरकारी संकेतस्थळावर आपलं विद्यापीठ आणि पदवी शोधा. विद्यापीठापुढे 'एच प्लस' (म्हणजे जर्मनीत मान्य) हवं आणि पदवीही यादीत समकक्ष म्हणून दिसायला हवी. दोन्हीची प्रिंट काढून ठेवा. पदवी यादीत नसेल तर 'झेडएबी' या कार्यालयाकडून समकक्षतेचा दाखला मागवावा लागतो. त्याला २०० युरोंच्या आसपास शुल्क आणि बराच वेळ लागतो. त्यामुळे हे काम राजीनामा देण्याआधी करायचं, नंतर नाही.

तिथे राहून नोकरी करायला पदवीधरांना सगळ्यात सोयीचा परवाना म्हणजे ब्लू कार्ड. त्यासाठी वर्षाच्या पगाराची किमान मर्यादा असते. २०२५ साली ती ४८,३०० युरो होती. ज्या व्यवसायांत माणसं कमी आहेत त्यांना आणि नव्या पदवीधरांना ती थोडी कमी असते. आकडा दर जानेवारीत बदलतो, म्हणून अर्ज करताना त्या वर्षाचाच आकडा पाहा. ऑफर मर्यादेच्या जरा खाली असेल तर कंपनीशी मोकळेपणाने बोला. बऱ्याच कंपन्यांना हा नियम ठाऊक असतो.

व्हिसाचा अर्ज आता आधी ऑनलाइन भरायचा असतो. कागद तपासून झाले की मुंबईची अपॉइंटमेंट मिळते. त्या दिवशी सकाळच्या गाडीच्या भरवशावर राहू नका, आदल्या रात्रीच मुंबईत मुक्कामाला जा. पावसाळ्यात कसाऱ्यापुढे गाडी कधी थांबेल सांगता येत नाही, आणि हुकलेली अपॉइंटमेंट पुन्हा लवकर मिळत नाही.

एजंटबद्दल स्पष्टच लिहितो. परदेशातल्या नोकरीसाठी माणसं पाठवणारा एजंट परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणीकृत असावा लागतो. त्याचं नाव सरकारच्या 'ई-मायग्रेट' संकेतस्थळावर तपासता येतं. उमेदवाराकडून घ्यायच्या सेवाशुल्काला कायद्याने ३०,००० रुपये अधिक जीएसटी एवढीच मर्यादा आहे. कुणी "जर्मनीचा जॉब पक्का, पाच लाख द्या" म्हणत असेल तर तिथून उठायचं. भावनेच्या भरात वडिलांचं बागेवरचं कर्ज वाढवून असे पैसे भरलेली घरं पाहिली आहेत, म्हणून हे कळकळीने सांगतो.

नावाचा घोळ इथेच मिटवा

मराठी माणसाच्या कागदपत्रांत सगळ्यात जास्त अडतं ते नावात. दहावी-बारावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव पहिलं, मग आपलं नाव, मग वडिलांचं, उदाहरणार्थ 'देशमुख स्नेहा प्रकाश'. आईचं नाव वेगळ्या रकान्यात. पासपोर्टवर मात्र आडनाव एका ओळीत आणि 'स्नेहा प्रकाश' दुसऱ्या ओळीत. जर्मन कारकून गुणपत्रिका पाहतो तेव्हा 'देशमुख' हे त्याला पहिलं नाव वाटतं आणि 'प्रकाश' आडनाव. म्हणून सुरुवातीपासून एक ठरवा: पासपोर्टवर जसं आहे तसंच सगळीकडे. नोकरीचा करार, विमानाचं तिकीट, विम्याचा अर्ज, घराचा करार, सगळीकडे नावाच्या रकान्यात 'स्नेहा प्रकाश' आणि आडनावाच्या रकान्यात 'देशमुख'. वडिलांचं नाव कुठे लिहायचं आणि कुठे गाळायचं असं केलंत की तीन वेगळी माणसं तयार होतात.

लग्न झालेल्या मुलींचं आणखी एक. पदवी माहेरच्या नावाने, आधार सासरच्या नावाने आणि पासपोर्ट कधी या तर कधी त्या नावाने असतो. लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे असं कुठल्याही कायद्यात नाही. लवकरच परदेशी जायचं असेल तर मी तरी माहेरचं नाव तसंच ठेवा असं म्हणेन. नाव आधीच बदललं असेल तर विवाह नोंदणी प्रमाणपत्र आणि राजपत्रातली नावबदलाची नोंद, दोन्ही जवळ ठेवा. नुसत्या प्रतिज्ञापत्रावर प्रत्येक जण समाधानी होईल असं नाही.

जन्मदाखला काढून एकदा नीट वाचा. जुन्या नोंदींत बाळाच्या नावाचा रकाना अनेकदा कोराच असतो, कारण बारशाआधी नोंद झाली आणि पुढे कुणी परत गेलंच नाही. शहरात जन्म असेल तर महानगरपालिकेच्या जन्म-मृत्यू नोंदणी विभागात आणि निफाड, दिंडोरी, सिन्नरकडच्या गावात असेल तर ग्रामपंचायतीत नाव चढवून घ्या. हा दाखला तुम्हाला लगेच लागणार नाही कदाचित. पण पुढे तिथे बाळ झालं तर त्याच्या नोंदणीसाठी आईवडिलांचे दाखले मागतात, आणि तेव्हा तिथून गावच्या ग्रामसेवकाला फोन करत बसणं फार त्रासाचं होतं.

अपोस्टीलचं, म्हणजे कागद परदेशात खरा मानला जावा म्हणून मिळणाऱ्या सरकारी शिक्क्याचं, थोडक्यात. बहुतेक देशांसाठी भारतीय कागदांवर अपोस्टील चालतं, पण भारताच्या अपोस्टीलवर जर्मनीने हरकत नोंदवलेली आहे. तिथलं कार्यालय गरज पडली तर वकिलातीमार्फत कागदांची पडताळणी स्वतः करून घेतं. तेव्हा कुणी सांगतंय म्हणून सगळे दाखले मुंबईला पाठवून अपोस्टीलवर पैसे घालवू नका. आधी मागणाऱ्या कार्यालयालाच विचारा.

घर, शेती, बँक: मागे राहणारा पसारा

मागच्या घराकडे लोक सगळ्यात कमी लक्ष देतात. मला वाटतं सगळ्यात जास्त इथेच द्यायला हवं.

नोकरीसाठी परदेशी गेलात की परकीय चलन कायद्याच्या दृष्टीने तुम्ही अनिवासी होता. नेहमीचं बचत खातं मग 'एनआरओ' करून घ्यावं लागतं. इथलं भाडं, व्याज, शेतीचे पैसे या खात्यात येतात. तिथून पाठवलेल्या पगारासाठी वेगळं 'एनआरई' खातं उघडा. त्यावरच्या व्याजाला भारतात कर नाही आणि पैसे परत नेतानाही अडचण येत नाही. निघण्याआधी बँकेत जाऊन फॉर्म समजून घ्या, व्हिसा आला की भरा. पीपीएफ असेल तर ते मुदत संपेपर्यंत चालू ठेवता येतं, पुढे वाढवता येत नाही. म्युच्युअल फंडातही केवायसी बदलून घ्या.

फ्लॅट भाड्याने देऊन जाणार असाल तर भाडेकरूला आधीच सांगा, की घरमालक अनिवासी असल्यावर भाड्यातून त्याने सुमारे ३० टक्के टीडीएस कापून भरायचा असतो. कमी उत्पन्न असेल तर कमी दराचा दाखला आयकर खात्याकडून घेता येतो. हे करारातच लिहिलं की पुढे वाद होत नाहीत.

आता शेती. जिल्ह्यातल्या बऱ्याच घरांत बाग आहे, सातबाऱ्यावर मुलाचं नाव आहे. अनिवासी झाल्यावर आधीची किंवा वारशाने आलेली शेतजमीन ठेवता येते. नवीन शेतजमीन विकत घेता येत नाही. म्हणजे शेजारचा गट घ्यायचं घरात चाललं असेल तर तो व्यवहार वडिलांच्या किंवा भावाच्या नावावर होईल, तुमच्या नाही. वारसनोंद रखडलेली असेल तर तलाठ्याकडे जाऊन फेरफार आत्ताच करून घ्या. पीएम-किसानचा हप्ताही अनिवासींना लागू नाही. तो नंतर वसूल केला जाण्यापेक्षा आधीच बंद करा.

आणि कुलमुखत्यारपत्र. हे निघायच्या आधी नाशिकमध्येच, दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात नोंदवून करा. परदेशातून करायचं म्हटलं तर भारतीय वकिलातीत साक्षांकन, मग टपालाने भारतात, आणि इथे पोचल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांक शुल्क भरणं, एवढी साखळी होते. पत्रात सरसकट सगळे अधिकार देऊ नका. फ्लॅटचं भाडं घेणं, घरपट्टी-पाणीपट्टी भरणं, महावितरणशी व्यवहार करणं, जमिनीच्या नोंदींसाठी हजर राहणं, अशी कामं नावानिशी लिहा. विक्रीचा अधिकार लागेल तेव्हा वेगळा देता येतो. घरच्यांवर विश्वास नाही असा याचा अर्थ कुणी घेऊ नये. कागद स्पष्ट असला की भावाभावांतले संबंधही चांगले राहतात.

भारतातलं सिम चालू ठेवणं हे छोटं काम आहे, पण विसरलात तर बँक, आयकर, आधार सगळंच अडतं, कारण ओटीपी तिथेच येतो. निघण्याआधी आंतरराष्ट्रीय रोमिंग चालू करून घ्या. प्रीपेड असेल तर घरातल्या कुणाला तरी किमान रिचार्जची जबाबदारी द्या. ९० दिवस वापर आणि शिल्लक दोन्ही नसेल तर नंबर बंद होऊ शकतो आणि पुढे दुसऱ्या कुणाला दिला जातो.

जर्मनीत गाडी चालवायची असेल तर पेठ रोडच्या आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढा. पण तिथे राहायला लागल्यापासून भारतीय परवाना सहाच महिने चालतो. पुढे लेखी आणि प्रत्यक्ष दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात, आणि त्यांचा खर्च मोठा असतो. पहिलं वर्ष ट्रेन-बसवर काढा, माझा सल्ला हाच.

बॅगेत काय जातं, काय नाही

युरोपीय संघाच्या नियमाप्रमाणे बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांस आणि दुधाचे पदार्थ आणता येत नाहीत. म्हणजे साजूक तूप, पेढे, बर्फी, खवा, पनीर सगळं बाद. कढीपत्ता, लिंबं, ताजी भाजी, द्राक्षांची पेटी यांनाही रोपस्वच्छता प्रमाणपत्राशिवाय परवानगी नाही. आईने प्रेमाने बांधलेला डबा विमानतळावर कचऱ्यात जाताना पाहणं फार जिवावर येतं, त्यामुळे हे तिला आधीच समजावून सांगा. काळा मसाला, गोडा मसाला, मेतकूट, भाजणी, चिवडा, लसणाची कोरडी चटणी, पापड हे सगळं न्या. लोणी तिथे उत्तम मिळतं, तूप घरी कढवता येतं. आणि मार्च-एप्रिलमध्ये तिथल्या सुपरमार्केटात भारतातली द्राक्षं हमखास दिसतात. खोक्यावर बारीक अक्षरात देश लिहिलेला असतो, तो वाचून बरं वाटतं.

स्वयंपाकघराचं बघायचं तर तिथे विजेचा दाब आपल्यासारखाच आहे, म्हणून मिक्सर चालतो. फक्त तीन पिनांच्या प्लगला अ‍ॅडॅप्टर लागतो. कुकर आणि तवा इंडक्शनवर चालणारे घ्या. औषधं तीन महिन्यांपुरती, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह. जाड जॅकेट इथून घेऊ नका, तिथल्या थंडीचं तिथेच मिळतं.

पैशांचा हिशेब मात्र नीट करा. पगार महिन्याच्या शेवटी होतो. घराचं डिपॉझिट निव्वळ भाड्याच्या तीनपटीपर्यंत असू शकतं. समजा भाडं ९०० युरो, तर २,७०० युरो डिपॉझिट, पहिलं भाडं वेगळं, शिवाय खाण्यापिण्याचा खर्च. कायद्याने डिपॉझिट तीन हप्त्यांत देता येतं, हे नवीन माणसाला कुणी सांगत नाही, म्हणून आवर्जून लिहिलं.

उतरल्यावर पहिले पंधरा दिवस: पत्ता

घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत महापालिकेच्या कार्यालयात पत्त्याची नोंदणी करायची असते. तिला आनमेल्डुंग म्हणतात. त्यासाठी पासपोर्ट आणि घरमालकाने सही केलेलं राहत असल्याचं पत्र लागतं, नुसता भाडेकरार पुरत नाही. म्हणून तात्पुरती खोली बुक करतानाच लेखी विचारा, "हे पत्र देणार का?" नाही म्हणाले तर ती खोली थोडी स्वस्त असली तरी घेऊ नका. मोठ्या शहरांत नोंदणीची वेळ आठवड्यांनी मिळते. नाशिकमध्ये असतानाच ऑनलाइन वेळ घेता येते का ते पाहा.

यानंतरचं काम दोन मिनिटांचं आहे आणि त्यावर बरंच काही अवलंबून आहे. घराच्या टपालपेटीवर आणि बेलवर आपलं आडनाव लावा. जर्मनीत इमारतीच्या पत्त्यात फ्लॅट क्रमांक सहसा नसतो. पोस्टमन फक्त आडनाव बघतो. खालच्या दारात पितळी पट्टीवर दहा-बारा नावं असतात, म्युलर, श्मिट, कुणी यिल्माझ, आणि त्यात तुमचं नाव नसेल तर पत्र सरळ परत जातं. तुमचा कर क्रमांक, विमा कार्ड, बँकेचा पिन, परदेशी नागरिक कार्यालयाची तारीख, सगळं पत्रानेच येतं. घरमालक पट्टी करून देईपर्यंत कागदावर स्पष्ट अक्षरात नाव लिहून चिकटवा. दुसऱ्याच्या घरी उतरला असाल तर त्याच्या नावाखाली आपलंही लिहा.

नोंदणी झाली की ११ अंकी कर क्रमांक काही आठवड्यांत येतो, तो कंपनीला द्या. आरोग्य विमा कायद्याने सक्तीचा आहे. नोकरदारांनी सरकारी विमा योजनेतली एखादी संस्था निवडावी. पगाराच्या सुमारे १४.६ टक्के आणि वर थोडा जादा हप्ता असतो, त्यातला निम्मा कंपनी भरते. संस्थांमधला फरक फारसा नाही. इंग्रजीत बोलणारा माणूस फोनवर मिळतो का, एवढं पाहून निवडा. प्रत्येक घराला रेडिओ-टीव्हीचं शुल्क महिन्याला १८.३६ युरो भरावंच लागतं, टीव्ही नसला तरी. त्याचं पत्र आलं की फसवणूक समजून फेकू नका.

व्हिसावरची मुदत संपायच्या बऱ्याच आधी परदेशी नागरिक कार्यालयाकडे निवास परवान्याचा अर्ज टाका. तारीख मुदतीच्या पलीकडची मिळाली तर तात्पुरतं पत्र मागून घ्या. त्यावर मुक्काम वैध राहतो, पण त्या काळात भारतात जाऊन परत येता येईल का, हे त्याच कार्यालयाला विचारूनच तिकीट काढा.

कायमचं घर

जाहिरातीत दोन भाडी असतात. काल्टमीटे म्हणजे निव्वळ भाडं. वार्ममीटेमध्ये पाणी, कचरा, बहुतेक वेळा हीटिंग धरलेलं असतं. वीज आणि इंटरनेट वेगळं. रिकाम्या घरात स्वयंपाकघरच नसू शकतं: ओटा नाही, सिंक नाही, दिवेसुद्धा नाहीत, भिंतीतून वायरी बाहेर आलेल्या. म्हणून स्वयंपाकघर बसवलेलं आहे का, हा पहिला प्रश्न.

घर न पाहता डिपॉझिट कधीही देऊ नका. "मी लंडनला आहे, पैसे भरा, चावी कुरिअरने पाठवतो" असा निरोप आला की तो भामटाच. अर्जासोबत नोकरीचा करार, पगाराच्या पावत्या आणि स्वतःची ओळख करून देणारं छोटं जर्मन पत्र जोडा. घरमालकाला आपण कोण, काय काम करतो, किती जण राहणार हे वाचायला आवडतं.

राहायला गेल्यावर रात्री दहा ते सकाळी सहा आणि रविवारी पूर्ण दिवस शांतता पाळायची. ड्रिल, व्हॅक्यूम, मोठ्या आवाजात आरती, काहीच नाही. रविवारी दुकानंही बंद, तेव्हा किराणा शनिवारीच. कचरा तीन-चार पेट्यांत वेगळा होतो. शेजाऱ्याला विचारून घ्या, ओळखही होते. संकटात ११२, आणि रात्री-अपरात्री डॉक्टर हवा पण जीवावरचं नसेल तर ११६११७.

भाषा ऑफिसात लागत नसेल तरी शिका. नाशिकमध्ये असतानाच ए-वन, म्हणजे जर्मनची पहिली पातळी, पूर्ण करा. ब्लू कार्डवर कायम निवास २७ महिन्यांत मिळू शकतो, बी-वन (मधली पातळी) असेल तर २१ महिन्यांत. त्याहीपेक्षा, दवाखान्यात आपलं दुखणं आपल्याला सांगता येणं महत्त्वाचं आहे.

कुटुंब

ब्लू कार्डधारकाच्या जोडीदाराला व्हिसासाठी जर्मन भाषेचा दाखला लागत नाही आणि आल्यावर नोकरीही करता येते. जोडीदार नाशिकमध्ये असेपर्यंत तुमचा कर अविवाहितासारखाच कापला जातो. ते आले, नोंदणी झाली, की करवर्ग (पगारातून किती कर कापायचा ते ठरवणारा गट) बदलायचा अर्ज करा, हातात येणारा पगार बऱ्यापैकी फरकाने वाढतो. मुलांसाठी सरकार बालभत्ता देतं, २०२५ साली दर मुलामागे महिन्याला २५५ युरो. बालवाडीच्या जागेसाठी मात्र पत्ता पक्का होताच अर्ज टाका, रांगा लांब असतात.

आईवडिलांना भेटीला बोलवायचं असेल तर शेंगेन व्हिसा लागतो. १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा हवा. खर्चाची हमी तुम्ही तिथल्या कार्यालयात जाऊन देऊ शकता, ते मूळ पत्र त्यांच्या अर्जाला जोडायचं. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. मे-जूनचं हवामान वयस्कर माणसांना सगळ्यात मानवतं, पण सुट्टीच्या गर्दीत मुंबईची तारीख मिळत नाही, तेव्हा जानेवारी उजाडताच अर्ज भरायला घ्या आणि दोघांच्या पासपोर्टची मुदत त्याआधी तपासून ठेवा.